कोऱ्या डेटाबेसची किंमत

एकटी चालवली की पास होते, सगळ्यांबरोबर चालवली की फेल होते. सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना छळणाऱ्या टेस्टचं हे सर्वांत ओळखीचं लक्षण. कोड बदललेला नसतो, टेस्टची एक ओळही बदललेली नसते, तरी सकाळची हिरवी खूण दुपारी लाल होते आणि पुन्हा चालवली की परत हिरवी. अशा वेळी दोष बहुधा त्या टेस्टमध्ये नसतोच. तिच्या आधी चाललेली दुसरीच एखादी टेस्ट डेटाबेसमध्ये काहीतरी मागे ठेवून गेलेली असते. शाळेच्या प्रयोगशाळेत आधीच्या मुलाने न धुता ठेवलेल्या परीक्षानळीत आपण क्षार ओळखायला बसावं, तसं हे आहे. निष्कर्ष चुकतो, आणि आपण मात्र आपल्याच कृतीत चूक शोधत बसतो.

उपाय सांगायला सोपा आहे: प्रत्येक टेस्टला कोरा डेटाबेस द्यायचा. अडचण वेळेची आहे. समजा, एखाद्या मध्यम प्रकल्पात 3,000 टेस्ट आहेत आणि प्रत्येकीचं खरं काम 50 मिलिसेकंदांत उरकतं. मग सगळ्या मिळून अडीच मिनिटांत संपतात. पण प्रत्येकीआधी डेटाबेस कोरा करायला एक सेकंद जरी लागला, तरी या अडीच मिनिटांत 50 मिनिटांची भर पडते. अडीच मिनिटांच्या टेस्ट माणूस प्रत्येक छोट्या बदलानंतर चालवतो. जवळपास तासभर चालणाऱ्या टेस्ट तो घरी निघताना लावून जातो, आणि दुसऱ्या दिवशी लाल खूण दिसली की आदल्या दिवसभरातल्या नेमक्या कुठल्या बदलाने घात केला हे शोधत बसतो. त्यामुळे टेस्ट एकमेकींपासून अलिप्त असणं आणि त्या झटपट चालणं या दोन्ही गरजा सारख्याच खऱ्या आहेत. डेटाबेस मध्ये आला की मात्र त्या एकमेकींच्या आड येतात.

मेमरीपुरता हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. केंट बेक आणि एरिक गामा यांनी 1997 साली झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात जेयुनिट लिहायला घेतलं. त्यात प्रत्येक टेस्ट मेथडसाठी नवा ऑब्जेक्ट तयार होतो. एका टेस्टने आपल्या ऑब्जेक्टमध्ये काहीही लिहिलं तरी पुढच्या टेस्टला ते दिसत नाही. जेयुनिटच्या वंशातल्या कितीतरी साधनांनी अलिप्ततेची ही शिस्त उचलली. डेटाबेसला ती लागू होत नाही. तो वेगळ्या प्रोसेसमध्ये असतो, त्याच्या फायली डिस्कवर असतात, आणि लक्षात ठेवणं हेच तर त्याचं काम आहे.

एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत धरून ठेवू. बसच्या जागा आरक्षित करणारा एक प्रोग्राम आहे. त्याच्या डेटाबेसमध्ये मार्ग, गाड्या, फेऱ्या, जागा, प्रवासी आणि तिकिटं अशी टेबलं आहेत. एक टेस्ट तिकीट काढून पाहते, दुसरी रद्द करून पाहते, तिसरी रिकाम्या जागा मोजते. पहिलीने काढलेलं तिकीट डेटाबेसमध्ये राहिलं, तर तिसरीची मोजणी एकाने चुकते. आणि तिसरी आधी चालली तर चुकत नाही. सकाळ-दुपारच्या लहरीचं मूळ इथे आहे.

साफसफाईचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक टेस्टआधी डेटाबेस मोडून नव्याने उभारणं. पण तो इतका हळू आहे की काही डझन टेस्टपलीकडे कुणी त्या वाटेला जात नाही. दुसरा मार्ग, टेस्ट संपली की टेबलं रिकामी करणं. आणि तिसरा, माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत हुशार सौदा: टेस्ट सुरू होताना एक ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गठ्ठा, उघडायची, सगळं काम तिच्या पोटात करायचं, आणि शेवटी ती कमिट, म्हणजे पक्की, न करता रोलबॅक, म्हणजे रद्द, करायची. टेस्टला आपले बदल दिसतात, बाहेर कुणालाही दिसत नाहीत, आणि शेवटी ते झालेच नव्हते अशी स्थिती उरते.

ही युक्ती इतकी स्वस्त का पडते, हे कळायला डेटाबेसच्या आत डोकवावं लागतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस रोलबॅकच्या वेळी काहीही पुसत बसत नाही. त्याच्याकडे प्रत्येक ओळीवर ती कोणत्या ट्रान्झॅक्शनने लिहिली याचा क्रमांक असतो, आणि कोणती ट्रान्झॅक्शन कमिट झाली, कोणती सोडून दिली याची वेगळी नोंदवही असते. रोलबॅक म्हणजे त्या नोंदवहीत ‘ही सोडून दिली’ एवढी खूण करणं. त्या ट्रान्झॅक्शनने दहा ओळी लिहिल्या असोत की दहा हजार, खूण एकच. त्या ओळी फायलीत पडून राहतात, पण यापुढे कुणाला दिसत नाहीत, आणि पुढे व्हॅक्यूम नावाची सफाई त्यांची जागा मोकळी करते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनात पद्धत वेगळी आहे: तिथे केलेले बदल खरोखर उलटे फिरवले जातात. पण टेस्टमध्ये बदलच मूठभर असल्याने तेही पटकन होतं.

म्हणूनच रूबीच्या रेल्समध्ये, पायथनच्या जँगोमध्ये, जावाच्या स्प्रिंगमध्ये ही सोय फ्रेमवर्कनेच देऊन ठेवलेली आहे. जँगोचा टेस्टकेस नावाचा वर्ग वापरला की ट्रान्झॅक्शन उघडणं आणि रोलबॅक करणं आपसूक होतं, आणि वर्षानुवर्षं जँगोवर काम करणाऱ्या कितीतरी जणांना आपल्या प्रत्येक टेस्टभोवती अशी चौकट आहे याची आठवणही राहत नाही. ही आठवण मात्र असायला हवी. कारण रोलबॅकच्या चौकटीत चाललेला कोड आणि प्रवाशाच्या फोनवरून आलेल्या विनंतीसाठी चाललेला कोड यांत एक मोठा फरक आहे: पहिला कधीही कमिट होत नाही. कमिटच्या क्षणी जे जे घडतं, ते सगळं अशा टेस्टच्या नजरेतून सुटतं.

सर्वांत आधी जाणवतं ते कमिटनंतरचं काम. तिकीट पक्कं झालं की प्रवाशाला एसएमएस जातो. शहाणा प्रोग्रामर तो कमिट झाल्यानंतरच पाठवतो, नाहीतर ट्रान्झॅक्शन फसली तरी ‘तुमची जागा आरक्षित आहे’ असा निरोप गेलेला असतो. जँगोत यासाठी कमिटनंतर चालणारं फंक्शन नोंदवता येतं. पण टेस्टकेसमध्ये कमिटच नाही, म्हणून ते फंक्शन चालतच नाही. एसएमएस पाठवणाऱ्या ओळीत ढळढळीत चूक असली तरी टेस्ट हिरवी. ही उणीव भरायला जँगोने 2021 साली 3.2 आवृत्तीत अशी फंक्शनं पकडून टेस्टमध्ये मुद्दाम चालवण्याची सोय दिली. रेल्सने तशीच दुरुस्ती 2016 साली पाचव्या आवृत्तीत केली होती. तरी हा कमिटचा देखावाच. एसएमएस पाठवणारा वर्कर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत असेल आणि तिकिटाचा क्रमांक घेऊन डेटाबेसकडे गेला, तर त्याला तिकीट सापडणार नाही, कारण प्रत्यक्षात काहीच कमिट झालेलं नाही.

दुसरी गोष्ट बारीक आहे. पोस्टग्रेसमध्ये काही नियम ‘आत्ता तपासू नकोस, कमिटच्या वेळी तपास’ असे सांगून ठेवता येतात. जँगो पोस्टग्रेसवर आपल्या सगळ्या फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या खऱ्या ओळीकडेच बोट दाखवते ना हे पाहणारे नियम, याच प्रकारच्या करतो. अस्तित्वातच नसलेल्या फेरीचं तिकीट लिहिलं तर त्या ओळीवर तक्रार येत नाही, ती कमिटला येते. रोलबॅकवर संपणाऱ्या टेस्टमध्ये ती कधीच आली नसती. 2016च्या 1.10 आवृत्तीपासून जँगो प्रत्येक टेस्टच्या शेवटी, रोलबॅकपूर्वी, असे लांबवलेले नियम स्वतःहून तपासतो. हाताने ट्रान्झॅक्शन उघडून टेस्ट लिहिणाऱ्यांना मात्र ही तपासणी आठवणीने करावी लागते.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि ती कळायला मला वाटतं प्रत्येकाला एकदा तरी ठेच लागते. पोस्टग्रेसमधलं नाऊ हे फंक्शन ‘आत्ताची वेळ’ देत नाही, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. खऱ्या वापरात प्रत्येक प्रवाशाची विनंती वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये येते, म्हणून प्रतीक्षा यादीत पहिला कोण आणि दुसरा कोण हे नोंदीच्या वेळेवरून ठरवता येतं. टेस्टमध्ये मात्र सगळं एकाच ट्रान्झॅक्शनच्या पोटात. नोंदीची वेळ डेटाबेस लिहीत असेल तर प्रतीक्षा यादीत टाकलेल्या तीन प्रवाशांना मायक्रोसेकंदापर्यंत तंतोतंत एकच वेळ मिळते. वेळेनुसार क्रम लावायला सांगितलं की डेटाबेस त्या तिघांना कोणत्याही क्रमाने देऊ शकतो, आणि त्यात त्याची चूक नसते. ही टेस्ट आज हिरवी, उद्या लाल. अलिप्ततेसाठी घेतलेल्या चौकटीनेच इथे लहर निर्माण केली. यावर साधा उपाय म्हणजे टेस्टमध्ये वेळ आपण स्वतः देणं. क्लॉक टाइमस्टँप हे खऱ्या घड्याळाची वेळ देणारं फंक्शनही पोस्टग्रेसमध्ये आहे.

पण रोलबॅकची खरी मर्यादा कळते ती गाडीतल्या शेवटच्या जागेपाशी. दोन प्रवासी एकाच क्षणी त्या एका जागेवर बोट ठेवतात. प्रोग्राम दोघांसाठीही आधी ‘जागा रिकामी आहे का’ हे वाचतो. दोघांनाही ‘हो’ असं उत्तर मिळतं, कारण अजून कुणीच लिहिलेलं नाही. मग दोघांसाठीही तिकीट लिहिलं जातं. आरक्षणाच्या प्रोग्राममध्ये यापेक्षा लाजिरवाणी चूक नाही, आणि ती टाळण्यासाठीच फेरी व जागा या जोडीवर युनिक नियम लावतात किंवा वाचतानाच ती ओळ कुलूपबंद करतात. हे कुलूप खरंच लागतं का, हे तपासायला दोन वेगळी कनेक्शन्स लागतात. रोलबॅकच्या चौकटीत एकाच कनेक्शनवर सगळं चालतं. दुसरं कनेक्शन उघडलं तर त्याला जागाच काय, गाडीही दिसत नाही, कारण टेस्टने गाडी अजून कमिट केलेली नाही. आणि दोघांनी एकाच जागेची ओळ लिहायचा प्रयत्न केला, तर दुसरं कनेक्शन पहिल्याच्या ट्रान्झॅक्शनच्या निकालाची वाट पाहत थांबून राहतं. तो निकाल टेस्ट संपल्याशिवाय लागत नाही, आणि टेस्ट तर दुसऱ्या कनेक्शनसाठी थांबलेली. सगळं जागच्या जागी ठप्प.

अशा टेस्ट खऱ्या कमिटनेच चालवायच्या आणि मागून झाडू फिरवायचा. जँगोत त्यासाठी ट्रान्झॅक्शनटेस्टकेस नावाचा वेगळा वर्ग आहे. तो खरं कमिट होऊ देतो आणि शेवटी टेबलं रिकामी करतो. जँगो आधी सगळ्या रोलबॅकवाल्या टेस्ट चालवून घेतो आणि मगच या जड टेस्टकडे वळतो. रेल्समध्ये त्या वर्गापुरती ट्रान्झॅक्शनची सोय बंद करता येते. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती अनेकांना उलटी वाटते: टेबल रिकामं करायला ट्रंकेट ही आज्ञा नेहमीच वेगवान नसते. लाखो ओळींच्या टेबलावर ती डिलीटपेक्षा कितीतरी पटींनी जलद असते. पण पोस्टग्रेस ट्रंकेटच्या वेळी टेबलासाठी नवी फाइल तयार करतो आणि पूर्ण टेबल कुलूपबंद करतो, मग त्यात ओळ एक असो वा एकही नसो. टेस्टमधल्या पाच-दहा ओळींच्या टेबलांसाठी साधं डिलीट बहुतेकदा स्वस्त पडतं, फक्त ते फॉरेन कीच्या क्रमाने चालवावं लागतं.

आता दुसऱ्या बाजूचा मोह पाहू. टेस्ट हळू झाल्या की एक कल्पना हमखास पुढे येते: डेटाबेस पुन्हा पुन्हा भरण्यापेक्षा एकदाच भरू, आणि सगळ्या टेस्ट त्याच माहितीवर चालवू. सगळ्यांनी फक्त वाचायचं ठरवलं आणि पाळलं, तर यात काही वावगं नाही. मार्गांची यादी किंवा जिल्ह्यांची नावं अशीच ठेवावीत. पण टेस्टमध्ये लिहिणं आलंच. मग एकीने गाडी क्रमांक 7 रद्द केली की दुसरीची त्याच गाडीवरची मोजणी बिघडते. पुढे कुणीतरी ती मोजणी रद्द झालेली गाडी गृहीत धरून ‘दुरुस्त’ करतो, आणि तेव्हापासून दुसरी टेस्ट पहिलीशिवाय चालत नाही. क्रम हाच आता कोडचा न लिहिलेला भाग होऊन बसतो.

संशोधकांनी या प्रकाराला नावं दिली आहेत: माहिती बिघडवणारी टेस्ट ती प्रदूषक, आणि तिच्यामुळे फेल होणारी ती बळी. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपाची फाउंडेशनच्या 51 प्रकल्पांमधल्या लहरी टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या गेल्या. त्यांत सर्वांत मोठं कारण निघालं ते एखाद्या कामाची पुरेशी वाट न पाहणं, त्यानंतर समांतर चालणाऱ्या कामांचे घोळ, आणि तिसऱ्या क्रमांकावर, सुमारे 12 टक्के, टेस्टचं क्रमावरचं अवलंबित्व. गुगलने 2016 साली सांगितलं की त्यांच्याकडच्या जवळपास 16 टक्के टेस्टमध्ये कमी-अधिक लहरीपणा आहे. यातली सर्वच लहर डेटाबेसमुळे येत नाही हे खरं. पण लहरीपणाचा परिणाम सगळीकडे एकच होतो: लाल खूण दिसली की माणसं ती वाचत नाहीत, पुन्हा चालवतात. टेस्टवरचा विश्वास एकदा गेला की ती चालवण्यात घालवलेला प्रत्येक मिनिट फुकट आहे, ती कितीही वेगवान असली तरी. म्हणून माझं मत ठाम आहे. वेग मिळवण्यासाठी अलिप्तता विकू नये. वेग दुसरीकडून आणावा, आणि तशा जागा भरपूर आहेत.

त्यातली सर्वांत मोठी जागा डेटाबेसच्या मूळ कराराशीच निगडित आहे. 1983 साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी ट्रान्झॅक्शनचे चार गुण ‘ॲसिड’ या आद्याक्षरांत बांधले: सगळं होईल किंवा काहीच होणार नाही, नियम मोडले जाणार नाहीत, समांतर ट्रान्झॅक्शन एकमेकींत ढवळाढवळ करणार नाहीत, आणि एकदा कमिट झालेलं वीज गेली तरी टिकेल. टेस्टला पहिले तीन गुण हवेतच, कारण तपासायचे तेच आहेत. चौथा टेस्टला नको आहे. टेस्ट चालू असताना वीज गेली तर आपण टेस्ट पुन्हा चालवू, अर्धवट तिकीट वाचवण्याची धडपड करणार नाही. आणि हा चौथा गुण महाग आहे: प्रत्येक कमिटला ‘हे खरंच डिस्कवर पोचलं’ याची खात्री होईपर्यंत डेटाबेस थांबतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपत्रातच टिकाऊपणा सोडून वेग घेण्याच्या सेटिंग्जचं एक प्रकरण आहे. एफसिंक बंद करा, सिंक्रोनस कमिट बंद करा, फुल पेज राइट्स बंद करा, फायली थेट रॅममध्ये ठेवा. टेस्टसाठीच्या सर्व्हरवर हे बेलाशक करावं. खऱ्या प्रवाशांची तिकिटं असलेल्या सर्व्हरवर एफसिंकला हातही लावू नये. खरं कमिट करणाऱ्या त्या जड टेस्टना याचा फायदा सर्वांत जास्त होतो.

दुसरी जागा म्हणजे डेटाबेसचा साचा. टेबलांची रचना घडवणारे सगळे मायग्रेशन चालवून, मार्ग-जिल्हे भरून एक डेटाबेस तयार करायचा, आणि पोस्टग्रेसला सांगायचं की याला टेम्प्लेट धरून नवा बनव. तो स्कीमा पुन्हा उभारत नाही, सरळ फायलींची नक्कल करतो. 2022 साली आलेल्या पंधराव्या आवृत्तीत या नकलेची पद्धत बदलली आणि छोट्या साच्यांसाठी ती हलकी झाली. अट एवढीच, की नक्कल चालू असताना साच्याला दुसरं कुणी जोडलेलं नसावं.

साच्याची खरी कमाई समांतर टेस्टमध्ये होते. आज साध्या लॅपटॉपलाही आठ कोअर असतात, मग टेस्ट एकामागून एक का चालवायच्या? जँगोने डिसेंबर 2015 मध्ये 1.9 आवृत्तीत आणि रेल्सने 2019 साली सहाव्या आवृत्तीत ही सोय आणली: प्रत्येक प्रोसेसला आपापला डेटाबेस, नावापुढे क्रमांक लावलेला. एक प्रोसेस दुसरीच्या तिकिटांना स्पर्शही करू शकत नाही. इथे अलिप्तता आणि वेग एकाच दिशेने ओढतात, म्हणून हा मार्ग मला फार आवडतो. लक्ष ठेवावं लागतं ते डेटाबेसबाहेरच्या सामाईक वस्तूंवर: कॅशे, अपलोड केलेल्या फायलींचं फोल्डर, रेडिस. डेटाबेस आठ केले आणि कॅशे एकच ठेवला, तर प्रदूषक आता तिथे जाऊन बसतो.

इलिक्सिर भाषेतल्या एक्टो या डेटाबेस लायब्ररीने 2016 साली याहून धाडसी वाट धरली. तिथे डेटाबेस एकच, पण प्रत्येक टेस्टला स्वतःचं कनेक्शन आणि त्यावर स्वतःची न संपणारी ट्रान्झॅक्शन. समांतर ट्रान्झॅक्शन एकमेकींना दिसत नाहीत या डेटाबेसच्याच हमीवर अनेक टेस्ट एकाच वेळी चालतात. दोन टेस्टनी एकच मोबाइल क्रमांक असलेला प्रवासी तयार केला आणि त्या क्रमांकावर युनिक नियम असला, तर एक दुसरीसाठी थांबून राहते, कधी दोघी एकमेकींत अडकतात. त्यामुळे तिथे प्रत्येक टेस्टने आपली माहिती वेगळी घडवण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती सवय कुठेही चांगलीच.

एवढं करूनही टेस्ट हळूच असतील तर दोष सफाईत नाही, भरणीत आहे. एका तिकिटाची टेस्ट लिहायची म्हणजे तिकीट बनवायचं. त्यासाठी फेरी, फेरीसाठी गाडी आणि मार्ग, मार्गासाठी दोन आगार, तिकिटासाठी प्रवासी. टेस्टसाठी नमुना माहिती बनवणाऱ्या फॅक्टरीला ‘एक तिकीट दे’ म्हटलं की मागे सात-आठ ओळी लिहिल्या जातात, आणि पाच तिकिटं मागितली तर पाच वेगळ्या गाड्याही तयार होतात, ज्या कुणालाच नको असतात. भाडं बरोबर मोजलं जातं का, एवढंच तपासायचं असेल तर ते तिकीट डेटाबेसमध्ये लिहायचीही गरज नाही. मेमरीतला ऑब्जेक्ट पुरतो. जिथे लिहावंच लागतं तिथे वर्गातल्या सगळ्या टेस्टना लागणारी माहिती एकदाच लिहून, प्रत्येक टेस्टचे बदल ट्रान्झॅक्शनमधल्या सेव्हपॉइंट नावाच्या खुणेपर्यंत मागे घेता येतात. जँगोत ही सोय 2015पासून आहे.

भरणीतला एक चोर तर डेटाबेसमध्येही नसतो. प्रवाशाचं खातं तयार करताना त्याचा पासवर्ड हॅश होतो, आणि हॅश करणारी बीक्रिप्ट किंवा पीबीकेडीएफ2 ही पद्धत मुद्दाम हळू बनवलेली आहे, म्हणजे चोराला कोट्यवधी पासवर्ड पडताळून पाहणं परवडू नये. प्रत्येक टेस्ट एक प्रवासी बनवत असेल तर हा खर्च प्रत्येक टेस्टला पडतो. जँगोचं स्वतःचं माहितीपत्र टेस्टपुरता एमडी5चा हॅशर लावायला सुचवतं. सेटिंग्जमधली एक ओळ, आणि कधीकधी सगळ्या डेटाबेसच्या डोकेफोडीपेक्षा तिचाच फायदा जास्त होतो. म्हणून आधी मोजा, मग कापा.

डेटाबेसला टेस्टमधून पूर्णच हाकलावं असं म्हणणारी एक मोठी परंपरा आहे. मायकेल फेदर्स यांच्या 2004च्या पुस्तकात तर युनिट टेस्टला दशांश सेकंद लागला तरी ती हळू मानावी असं आहे, आणि डेटाबेसशी बोलणारी टेस्ट त्यांच्या लेखी युनिट टेस्टच नव्हे. दहा वर्षांनी, 2014च्या एप्रिलमध्ये, रेल्सचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी याच्या नेमकं उलट मत जाहीरपणे मांडलं: डेटाबेस टाळण्याच्या अट्टहासापायी लोक चांगल्या कोडची रचना बिघडवत आहेत. त्यावर केंट बेक, मार्टिन फाउलर आणि हॅन्सन यांच्यात जाहीर चर्चाही झाली. माझा कल हॅन्सन यांच्याकडे आहे. भाडं मोजण्यासारखा हिशेब मेमरीत तपासावा, पण आरक्षणाच्या प्रोग्रामचा जीव डेटाबेसच्या नियमांत आहे. त्याचं सोंग घेतलेल्या खोट्या ऑब्जेक्टवर केलेली टेस्ट त्या सोंगाचीच परीक्षा घेते.

याच कारणासाठी टेस्ट एसक्यूलाइटवर आणि खरा वापर पोस्टग्रेसवर, ही तडजोडही मला मान्य नाही. एसक्यूलाइट उत्तम डेटाबेस आहे, मेमरीत चालतो, क्षणात सुरू होतो. पण तो आपणहून फॉरेन की तपासत नाही, ते चालू करावं लागतं. वीस अक्षरांच्या स्तंभात तो चाळीस अक्षरं निमूट ठेवतो. आणि मराठी नावांच्या याद्या करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तो मूळ सेटिंगवर बाइट्सच्या क्रमाने शब्द लावतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर येतं, म्हणून प्रवाशांच्या यादीत काळे आधी आणि काशीकर नंतर. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्याही पुढे, म्हणून मराठी कोलेशन लावलेल्या डेटाबेसवर काशीकर आधी आणि काळे नंतर. एकाच टेस्टची दोन उत्तरं, आणि प्रवाशांना दिसणारं उत्तर टेस्टने कधी पाहिलेलंच नाही. डॉकरमुळे खरा पोस्टग्रेस लॅपटॉपवर काही सेकंदांत उभा राहत असताना ही जोखीम घेण्याचं कारण उरलेलं नाही.

तुमच्या हाताखाली असा प्रकल्प असेल तर एक विनंती आहे. टेस्टचा क्रम रोज बदलता ठेवा. रूबीच्या आरस्पेक आणि मिनिटेस्ट या टेस्टच्या साधनांमध्ये क्रम पिसण्याची सोय आहे, जँगोत चौथ्या आवृत्तीपासून शफल आहे, आणि त्याआधीपासून टेस्ट उलट्या क्रमाने चालवणारा रिव्हर्स आहे. पहिल्या दिवशी लाल खुणा बऱ्याच दिसतील. त्या नव्या चुका नाहीत, आधीपासून दडलेल्या आहेत. एखादी टेस्ट घोळक्यातच फेल होत असेल तर ‘पुन्हा चालवा’ हे बटण दाबण्याआधी तिचा प्रदूषक शोधा. आरस्पेकचा बायसेक्ट हे काम घोळक्याचे अर्धे-अर्धे भाग करत स्वतःच करतो. प्रदूषक एकच असेल तर हजार टेस्टमधून त्याच्यापर्यंत पोचायला दहाएक फेऱ्या पुरतात.